ब्रेकचा लाल दिवा: ऑइलची बाटली उघडण्याआधी

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना ब्रेक दाबला की मीटरमधला लाल दिवा क्षणभर चमकतो आणि खाली सपाटीला आलं की विझतो. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाडीत हे दिसायला लागलं की बरेच जण 'वायरिंगचा काहीतरी लोचा असेल' म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा तो वायरिंगचा लोचा नसतो. ब्रेक ऑइल टाकीवरच्या खालच्या रेघेपाशी आलेलं असतं. उतारावर ब्रेक लावला की टाकीतलं ऑइल पुढे सरकतं, त्यावर तरंगणारा फ्लोट खाली बसतो आणि दिवा लागतो. सपाटीवर ऑइल पुन्हा समपातळीत येतं, फ्लोट उचलला जातो, दिवा विझतो. म्हणजे ब्रेक अजून पूर्ण शाबूत असतानाच गाडी तुम्हाला सांगतेय. इतक्या लवकर मिळणारी सूचना गाडीत क्वचितच दुसरी असेल.

त्यावर गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, "साहेब, ऑइल कमी होतं, टाकून दिलं." दिवा विझतो, गाडी घरी जाते. पण इंजिन ऑइल थोडंफार जळतं तसं ब्रेक ऑइल जळत नाही. ते बंद पाइपात असतं. टाकीतली पातळी उतरली तर दोनच गोष्टी झालेल्या असतात: एक तर डिस्कला घासणारे पॅड झिजले म्हणून ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये जाऊन बसलंय, नाही तर कुठून तरी बाहेर पडतंय. पहिली गोष्ट रोजची आहे, दुसरी जीवघेणी. वरून ऑइल ओतलं की दोन्हींतला फरकच पुसला जातो. म्हणून ते गेलं कुठे हे कळेपर्यंत बाटली बंद राहू द्या.

आधी दिवा नीट बघून घ्या

वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस, हा ब्रेकचा लाल दिवा. काही गाड्यांत त्याच्या शेजारी किंवा त्याऐवजी पी असतो, तो हँडब्रेकचा. पिवळा एबीएसचा, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा वेगळा, त्याबद्दल पुढे सांगतो. भारतात सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून, त्यामुळे त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत ते नाहीच. झेन, सँट्रो, इंडिका, सुमो यांच्या साध्या मॉडेलांत प्रश्न फक्त लाल दिव्याचा असतो, आणि त्यामुळे शोधही सोपा असतो.

चावी ऑन केली, इंजिन अजून सुरू केलं नाही, हँडब्रेक ओढलेला आहे: आता दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब उडालाय, मीटरचा फ्यूज गेलाय किंवा हँडब्रेकचा स्विच बिघडलाय, आणि हे दिवा सतत लागण्यापेक्षा वाईट. जुनी गाडी विकत घेताना ही तपासणी न चुकता करा. दिव्याची कटकट नको म्हणून बल्बच काढून ठेवलेला असू शकतो.

मग पेडल. बॉनेट उघडण्याआधी, गाडी जागच्या जागी उभी असताना. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा म्हणजे पेडलला जोर पुरवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. पेडल कडक होईल. ते मध्यम जोराने दाबून तीस सेकंद धरून ठेवा. जागेवर राहिलं तर ठीक. हळूहळू खाली जात असेल तर दोन शक्यता: बाहेर गळती, किंवा पेडलच्या जोराने ऑइल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी सील गेल्यात आणि ऑइल सिलिंडरच्या आतच पुढून मागे निसटतंय. या दुसऱ्या प्रकारात टाकीची पातळी उतरत नाही आणि बहुतेक गाड्यांत दिवाही लागत नाही. दिवा विझलेला आहे म्हणजे ब्रेक चांगले आहेत असं धरून चालता येत नाही, ते यामुळे.

पेडल तसंच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. ते किंचित खाली सरकलं की बूस्टर काम करतोय. पेडल आधी स्पंजासारखं लागत असेल तर पाइपात हवा आहे. पहिल्यांदा खोल जातं आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येतं, असं असेल तर मागचे ब्रेक ढिले झालेत किंवा हवा तरी आहे. पेडल जमिनीला टेकत असेल तर चावी काढून ठेवा आणि टोइंग बोलवा. 'हळूहळू नेतो गॅरेजपर्यंत' हा विचारही करू नका.

टाकी, रेघा आणि थोडा हिशोब

गाडी सपाट जागी उभी करा. पुण्यातल्या सोसायट्यांचं पार्किंग पुष्कळदा उताराचं असतं, तिथे पातळी चुकीची दिसते. मास्टर सिलिंडरवरची पांढरी किंवा पिवळट पडलेली प्लॅस्टिकची टाकी बाहेरूनच दिसते, त्यावर वरची आणि खालची रेघ असते. जुन्या टाकीचं प्लॅस्टिक तपकिरी पडून आतलं काही दिसत नसेल तर मागून मोबाइलचा टॉर्च धरा, पातळीची रेषा दिसते. झाकण उघडायचंच असेल तर आधी ते ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा. पुण्याच्या रस्त्यांवरची धूळ बॉनेटखाली थर करून बसते आणि तिचे दोन कण मास्टर सिलिंडरच्या सीलला चरे पाडायला पुरतात.

आता हिशोब. कॅलिपरचा पिस्टन ४८ एमएम व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ होतं साधारण १८ चौरस सेंटिमीटर. नवा पॅड १० एमएम धरा, तो झिजून ३ एमएम उरला, म्हणजे ७ एमएम गेला. एका चाकाला आतला आणि बाहेरचा असे दोन पॅड, म्हणून सरकत्या कॅलिपरमधला पिस्टन १४ एमएम बाहेर येतो. १८ गुणिले १.४ म्हणजे एका चाकामागे २५ एमएल, दोन चाकांना ५० एमएल. लहान गाडीच्या टाकीत दोन रेघांमधलं अंतर भरून काढायला एवढं ऑइल पुष्कळ आहे.

म्हणजे पुढचे पॅड संपत आलेत आणि पातळी खालच्या रेघेवर आलीय, तर हिशोब जुळला. गळती असण्याची शक्यता कमी. नवे पॅड टाका. पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल परत टाकीत येतं आणि पातळी आपोआप वर जाते. आधीच वरून ऑइल टाकलेलं असेल तर याच वेळी टाकी ओसंडते, ऑइल गाडीच्या रंगावर सांडतं आणि रंग सोलून काढतं. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं.

पॅड ६-७ एमएम जाड आहेत आणि तरीही पातळी खाली आहे, तर हिशोब जुळत नाही. तिथून गळतीचा शोध सुरू.

इथे एक बारीक गोष्ट आहे. मागच्या ड्रम ब्रेकचे, म्हणजे ड्रमला आतून घासणारे, लायनर झिजले म्हणून पातळी फारशी उतरत नाही. तिथे अ‍ॅडजस्टर असतो, लायनर झिजेल तसा तो लायनर बसवलेला शू बाहेर सरकवतो, आणि शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे पिस्टन जवळपास पूर्वीच्याच जागी राहतात. त्यामुळे 'मागचे लायनर संपले असतील म्हणून ऑइल कमी झालं' हे स्पष्टीकरण कुणी दिलं तर ते मान्य करू नका. उलट, मागच्या ड्रममधूनच ऑइल गळत असण्याची शक्यता जास्त.

गळती कुठे शोधायची

जुन्या गाडीत माझा पहिला संशय मागच्या व्हील सिलिंडरवर. कारण त्याची जागाच वाईट आहे: बंद ड्रममध्ये, लायनरच्या भुकटीत, पावसाळ्यात पाण्यात. बाहेरून दिसणारी खूण म्हणजे मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओघळाचे ओले डाग, किंवा ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला चिकट काळपट थर.

जमिनीवर थेंब दिसला तर तो कशाचा हे ठरवायची सोपी युक्ती आहे. वाटीभर पाण्यात तो थेंब सोडा. पाण्यात मिसळून गेला तर ब्रेक ऑइल, वर तरंगत इंद्रधनुष्यी तवंग आला तर इंजिन किंवा गिअर ऑइल. मुळात पाणीच असेल तर एसीचं. क्लच हायड्रॉलिक असेल तर तिथेही हेच ऑइल असतं आणि काही गाड्यांत टाकी दोघांची एकच. अशा गाडीत क्लचचा खालचा सिलिंडर गळायला लागला तरी दिवा ब्रेकचाच लागतो. क्लचचा नळ टाकीत थोडा वरच्या बाजूला असतो, म्हणून ब्रेकपुरतं ऑइल शिल्लक राहतं. पण शोध नुसत्या चाकांपाशी घेत बसाल तर काहीच सापडणार नाही.

ड्रम उघडायचा तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, हँडब्रेक पूर्ण सोडा, गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीजवळ हात घालू नका. ड्रम गंजून चिकटला असेल तर हातोड्याने कडेवर मारत सुटण्याआधी ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं आहेत का ते बघा. बऱ्याच गाड्यांत असतात. त्यांत बोल्ट घालून एक-एक फेरा आलटून पालटून आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो. काही लहान गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतात, तिथे मधला नट काढावा लागतो आणि बसवताना ठरलेल्या टॉर्कलाच आवळावा लागतो, नाही तर बेअरिंग जातं.

आतली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपा किंवा ब्रेक क्लीनर मारा.

आता व्हील सिलिंडर. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी टोपी असते. बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या टोपीची कड किंचित उचला. आत नुसता ओलसर चकाकणारा थर असेल तर हरकत नाही, थोडं ऑइल तिथे पाझरतंच. पण कड उचलताच थेंब बाहेर ओघळला की तो सिलिंडर संपला. दुसऱ्या बाजूची टोपीही बघा, आणि एका चाकात गळती सापडली तरी दुसरं चाकही उघडा. दोघांचं वय एकच आहे.

नुसतं रबर किट टाकायचं की अख्खा सिलिंडर बदलायचा? सिलिंडर उघडून आतून फडक्याने पुसा आणि नख फिरवा. नखाला कुठेही खड्डा लागला तर नवी रबरं त्या खड्ड्यावरून जाऊन महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गळणार. पंधरा वर्षं जुन्या गाडीत असे खड्डे पडलेलेच असतात, म्हणून मी अख्खा सिलिंडरच टाकायचा म्हणतो. नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानांत जाताना जुना सिलिंडर बरोबर न्या. गाडीचं नाव सांगून भागत नाही, कारण एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या मॉडेलांत सिलिंडरचा आतला व्यास वेगळा असू शकतो. चुकीच्या व्यासाचा सिलिंडर बोल्टला बरोबर बसतो, पण मागच्या चाकांना ब्रेक कमी तरी लागतो किंवा जास्त तरी. जास्त लागला तर ओल्या रस्त्यावर मागचं टोक फिरतं.

ऑइलने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, आच दाखवून किंवा पॉलिशपेपर मारून पुन्हा बसवायची पद्धत अजून चालते. ऑइल लायनरच्या आत मुरलेलं असतं, ब्रेक तापला की वर येतं. ते लायनर फेकायचेच, आणि दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे.

ड्रम कोरडे निघाले तर लोखंडी पाइप बघा, विशेषतः जिथे ते चेसिसला क्लिपने धरलेले असतात. क्लिपखाली चिखल-पाणी साचून तिथेच गंज धरतो. चाकांजवळचे रबरी होजपाइप वाकवून बघा, वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या तर बदला. शेवटी मास्टर सिलिंडर. त्याची मागची सील गळली तर ऑइल बाहेर कुठेच दिसत नाही, ते थेट बूस्टरच्या पोटात जातं. पातळी उतरतेय, चाकं कोरडी, क्लच कोरडा, जमीन कोरडी, असं असेल तर बूस्टरला मास्टर सिलिंडर धरणारे नट सोडून सिलिंडर पाइपांना ताण न देता जरासा पुढे ओढा आणि सांध्यात टॉर्च मारा. आत ओलं दिसलं किंवा बूस्टरच्या खालच्या कडेचा रंग फुगून सुटलेला दिसला, की उत्तर मिळालं.

ऑइल पूर्ण, पॅड जाड, तरी दिवा लागलेलाच

आता, आणि आत्ताच, विजेकडे वळायचं. जुन्या गाड्यांतलं हे सर्किट फार साधं आहे. चावीकडून बल्बला करंट येतो, बल्बच्या दुसऱ्या टोकाची वायर दोन ठिकाणी जाते: एक फाटा हँडब्रेकच्या स्विचला, दुसरा ऑइलच्या टाकीवरच्या स्विचला. दोन्ही स्विच तीच वायर बॉडीला म्हणजे अर्थला जोडतात. कुठलाही एक स्विच जुळला की दिवा लागतो. म्हणून एक-एक फाटा सोडून बघायचा, बस्स.

टाकीच्या झाकणावर किंवा बुडाशी दोन वायरींचा कनेक्टर असतो. चावी ऑन, हँडब्रेक पूर्ण खाली, आणि कनेक्टर काढा. दिवा विझला तर दोष टाकीतल्या सेन्सरचा. झाकणाला फ्लोट लटकलेला असेल तर झाकण उचलून मल्टिमीटर बीपवर लावा आणि फ्लोट बोटाने वर-खाली करा. बहुतेक गाड्यांत फ्लोट वर असताना आवाज नाही, खाली गेला की बीप. वर असतानाही बीप येत राहिला तर आतला चुंबकाने चालणारा रीड स्विच चिकटलाय. स्विच ठीक असेल तर फ्लोट बघा: वर्षानुवर्षं ऑइलमध्ये राहून तो ऑइल शोषून जड होतो आणि तरंगतच नाही, किंवा तळातल्या काळ्या गाळाने दांडीवर अडकतो. गाळ असेल तर तो साफ करून भागत नाही, सगळं ऑइल बदला. फ्लोट बुडत असेल तर झाकण नवं. ज्यांचा सेन्सर टाकीतच घट्ट बसवलेला असतो त्यांची टाकीच बदलावी लागते.

कनेक्टर काढूनही दिवा लागलेला असेल तर हँडब्रेककडे या. कनेक्टर परत लावा, नाही तर पुढच्या वेळी खरोखर ऑइल गेलं तरी दिवा लागणार नाही. हँडब्रेकच्या मुळाशी बटणासारखा छोटा स्विच असतो, हँडल पूर्ण खाली आलं की ते बटण दाबलं जातं आणि दिवा विझतो. हँडल हाताने आणखी खाली दाबून धरा. तेव्हा दिवा विझत असेल तर हँडल पुरतं खाली बसत नाहीये. केबल गंजली असेल, स्विचची पट्टी वाकली असेल, किंवा बाहेरून बसवलेला आर्मरेस्ट, हँडलचं कव्हर नाही तर जाड मॅटिंग मध्ये येत असेल. विझत नसेल तर स्विचची एकुलती एक वायर काढून बघा, त्याने विझला तर दोष स्विचचा.

ती वायर काढूनही दिवा लागलेलाच राहिला तर वायर मध्येच कुठे तरी बॉडीला टेकतेय. मग पहिला प्रश्न: अलीकडे स्टीरिओ बसवलाय का? स्क्रीनच्या स्टीरिओला गाडी उभी असल्याची खूण म्हणून हँडब्रेकची वायर जोडावी लागते, आणि गाडी चालू असताना व्हिडिओ दिसावा म्हणून ती वायर सरळ अर्थला जोडून टाकतात. स्टीरिओची वायर गाडीच्या हँडब्रेकच्या वायरला जोडलेली असतानाच अर्थही दिला, की ब्रेकचा दिवा कायमचा लागतो. स्टीरिओमागची ती एक वायर सुटी करून बघा. दुसरा संशय उंदरांवर. पावसाळ्यात ते बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे ऊब शोधत येतात आणि वायरींचं आवरण कुरतडतात.

उलट, दिवा लागायला हवा तेव्हा लागत नसेल तर हँडब्रेक स्विचची वायर काढून तिचं टोक बॉडीच्या उघड्या लोखंडाला टेकवा. लागला तर बल्ब आणि वायर ठीक, स्विच बदला.

बॅटरीचा दिवा आणि ब्रेकचा दिवा एकदम लागले तर ब्रेककडे नंतर बघा, आधी मल्टिमीटरने बॅटरीवरचं व्होल्टेज मोजा. काही जपानी बनावटीच्या जुन्या गाड्यांत बल्बची तपासणी चार्जिंगच्या सर्किटमधूनच होते, त्यामुळे अल्टरनेटर गेला की दोन्ही दिवे लागतात. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. डिझेल गाड्यांत इथे आणखी एक धोका आहे. बूस्टरसाठीचा व्हॅक्यूम पंप पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्याच मागे जोडलेला असतो. बेल्ट तुटला तर चार्जिंगही जातं आणि ब्रेकची मदतही. म्हणून अशा गाडीत चालता चालता चार्जिंगचा दिवा लागला आणि पेडल दगडासारखं झालं, तर गाडी बाजूला घ्या. ब्रेक लागतो, पण पाय पूर्ण जोराने द्यावा लागतो.

पिवळा एबीएसचा एकटाच दिवा लागला तर साधे ब्रेक चालू असतात, फक्त चाक लॉक होण्यापासूनचं संरक्षण गेलेलं असतं. पिवळा आणि लाल एकत्र लागले तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी ईबीडीही बंद पडलेली असू शकते, मग जोराच्या ब्रेकमध्ये मागची चाकं आधी लॉक होतात. ऑइल बघा, फ्यूज बघा, चाकांजवळचे सेन्सर आणि त्यांच्या वायरी साफ करा. ब्लूटूथचा स्वस्त कोड रीडर इथे सहसा कामाचा नाही, तो इंजिनचेच कोड वाचतो. एबीएसचा कोड वाचणारा स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा.

ऑइल आता टाका

कारण सापडलं, दुरुस्त झालं, आता बाटली उघडा. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच, बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४. ही दोन्ही ग्लायकोलची, एकमेकांत मिसळतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांत चालत नाही. नाव जवळचं असलं तरी डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकोलचंच. आपण सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतो खरं, पण इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल चुकून एक झाकणभर जरी गेलं तर सगळ्या रबरी सील फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सगळं बदलावं लागतं.

ग्लायकोल हवेतली ओल शोषतं. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात तर नक्कीच. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. दिवे घाट किंवा खंबाटकी ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की कॅलिपरजवळचं ऑइल एवढं तापू शकतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल आत जातं. टाकीतली पातळी मात्र पूर्ण असते, दिवा लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलायचं, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच्या आसपासच्याच गिअरमध्ये उतरायचा. अर्धी वापरून वर्षभर माळ्यावर ठेवलेली बाटली वापरू नका.

लहान गाडीला अर्धा लिटर पुरतं, पाइपातली हवा काढताना जरा सढळ हात ठेवायचा तर एक लिटर घ्या. ब्लीडरला, म्हणजे चाकाजवळच्या हवा काढायच्या स्क्रूला, बहुधा ८ किंवा १० एमएमचा पाना लागतो, रिंगचाच वापरा, फिक्स पान्याने कोपरे जातात. गंजलेल्या ब्लीडरवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. मत्स्यपेटीच्या दुकानात मिळणारी पारदर्शक नळी ब्लीडरवर चढवा, दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. मॅन्युअल नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांत मागचं डावं. आतला माणूस पेडल दाबतो, तुम्ही ब्लीडर पाव फेरा उघडता, बंद करता, मग तो पेडल सोडतो. तुम्ही 'सोड' म्हटल्याशिवाय त्याने पाय उचलायचा नाही, नाही तर हवा परत आत जाते. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका.

जुन्या गाडीत हे करताना पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोज अर्ध्याच रस्त्यात मागे-पुढे होतो, पुढच्या भागापर्यंत त्याची सील कधी पोचलेलीच नसते आणि तिथे गंज, गाळ बसलेला असतो. ब्लीड करताना पेडल पूर्ण दाबलं की सील त्या खरखरीत भागावरून जाऊन फाटते. 'ब्रेकचं काम केलं आणि आठवड्यात मास्टर सिलिंडर गेला' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

काम संपल्यावर इंजिन सुरू करून पेडल जोरात दाबून धरा आणि कुणाला तरी चारही चाकांजवळचे सांधे बघायला सांगा. मग सोसायटीच्या आवारातच पाच-दहाच्या वेगाने दोनदा ब्रेक लावून बघा, आणि नंतरच रस्त्यावर काढा. शेवटी टाकीवर मास्किंग टेपची पट्टी लावा, ऑइल जिथे आहे तिथे पेनाने रेघ मारा आणि बाजूला तारीख व किलोमीटर लिहा. पंधरा दिवसांनी, त्याच सपाट जागी, सकाळी गाडी थंड असताना रेघ पुन्हा बघा. दोन एमएम जरी खाली गेली असेल तर आणखी एक गळती राहिली आहे.